मिसरीशिवायची सकाळ

माझ्या सासूबाईंचं तोंड आतून कसं दिसतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. वाक्य विचित्र वाटेल, पण आमच्या नवागामच्या गल्लीत ते कुणालाच विचित्र वाटणार नाही. खानदेशातून लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कामासाठी सुरतेत आलेल्या घरांतल्या जुन्या बायका अजूनही हसताना पदर तोंडाशी नेतात. सासरा किंवा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, समोर असला तर भिंतीकडे तोंड करून जेवतात. मी सुरतेतच वाढले, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकले आणि तशाच एका शाळेत आता शिकवते. पदर माझ्या डोक्यावरच टिकत नाही, तो तोंडावर कुठून यायचा? त्यावरून पहिली काही वर्षं आमच्याकडे चांगलीच जुंपायची. मी तापट, सासूबाई हट्टी, आणि मध्ये माझा नवरा. दोघींपैकी कुणीही आवाज चढवला की तो गुपचूप लूमच्या कारखान्याकडे निघून जायचा.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या मला मास्तरीन म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ज्या त्या दिवसावर असतं.

आत्याबाई मिसरी लावायच्या. ज्यांना मिसरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून चाळायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. घरात तंबाखू भाजायला घेतली की गल्लीतली पोरं खोकत बाहेर पळायची. आमच्या बायका ह्याला व्यसन म्हणतच नाहीत. व्यसन पुरुषांना असतं, तंबाखू-सुपारीचा मावा आणि बिडी. मिसरी म्हणजे दात घासणं, आणि दात घासणाऱ्या बाईला कोण नावं ठेवणार? सकाळी उठल्या उठल्या आत्याबाई आणि समोरची शेजारीण ओट्यावर बसायच्या आणि खालच्या ओठात मिसरी धरून जे काही बोलायचं ते डोळ्यांनी आणि हातांनी बोलायच्या. थुंकून झालं की मग खऱ्या गप्पा सुरू व्हायच्या. त्या बैठकीशिवाय आत्याबाईंचं पोट साफ होत नसे, आणि त्यांचं पोट साफ झालं नाही की घरात कुणाची धडगत नसे.

त्या वर्षी होळीच्या आसपास आमच्या शाळेत तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर ठरलं. मी नवागामची, म्हणून बायका गोळा करायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. मी संध्याकाळी गल्ल्यागल्ल्यांतून फिरले, पार गोडादऱ्यापर्यंत जाऊन आले. सुई नाही, दुखणार नाही, फक्त तोंड उघडायचं आणि फोटो काढायचा, असं सगळ्यांना समजावलं. आत्याबाई येणार नाहीत असं मला वाटत होतं. पण शेजारीण निघाली म्हणून त्याही निघाल्या.

शिबिराला दोघं आले होते. एक दातांच्या डॉक्टर, तरुण, गुजराती बोलणाऱ्या. दुसरे एक इंजिनिअर, केस पिकलेले, कपाळावर कायम आठी. त्यांनी आणलेलं यंत्र बघून बायकांची निराशाच झाली. साधा मोबाईल होता, त्याला मागे काडेपेटीएवढी एक डबी जोडलेली आणि डबीत निळा दिवा. इंजिनिअरनी मला समजावून सांगितलं. तो निळा उजेड तोंडात पडला की निरोगी भाग हिरवट चमकतो. आत कुठे बिघाड सुरू झाला असेल तर तिथली चमक जाते आणि तो भाग काळपट दिसतो. कधी कधी नुसत्या डोळ्यांना काही दिसायच्या आधी हा फरक दिसतो. फोटो फोन स्वतःच वाचतो आणि हिरवी किंवा लाल खूण दाखवतो. लाल खूण म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, मोठ्या दवाखान्यात जाऊन दाखवा, एवढाच तिचा अर्थ.

"हे गल्लीत नेता आलं पाहिजे," ते म्हणाले. "माणसं दवाखान्यात येतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आपण आधी त्यांच्याकडे जायचं."

सकाळी पुरुषांची तपासणी सुरळीत चालली. लूमवरचे कारागीर, एका गालात वर्षानुवर्षं मावा ठेवणारे. काहींची तोंडं पुरती उघडतसुद्धा नव्हती. डॉक्टर त्यांचा गाल ओढून आत उजेड टाकायच्या आणि पडद्यावर हिरवा रंग उमटायचा, कुणाच्या गालात मध्येच काळा डाग दिसायचा. तसा डाग दिसलेला एक माणूस उठून फाटकाकडे निघाला. डॉक्टरांनी त्याला बाजूला बसवून पाणी दिलं.

मग बायकांची पाळी आली. पहिल्या बाईचा फोटो काळा आला. दुसरीचा काळा. तिसरीचाही. हिरव्याचा मागमूस नाही, जणू दिवा बंदच होता. इंजिनिअरनी काच पुसली, डबी काढून परत बसवली, शेवटी फोनच बदलला. शेजारणीचा फोटो काळा, आत्याबाईंचाही काळा. आत्याबाईंनी तर पदराआडून, डोळे घट्ट मिटून, जेमतेम दात दिसतील एवढंच तोंड उघडलं होतं. पडद्यावर ना हिरवी खूण आली ना लाल. फोटो स्पष्ट नाही, पुन्हा काढा, एवढंच आलं.

तेवढ्यात डॉक्टरांच्या नाकाला वास लागला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बेन, आ बधां बजर घसीने आव्यां छे?" बजर म्हणजे गुजरातीत आपली मिसरी. तिच्या काळ्या थरातून निळा उजेड आत पोचतच नव्हता.

मी शेजारणीला विचारलं. ती अभिमानाने म्हणाली, "मंग! डाक्टरले तोंड दखाडानं म्हनीसन चांगलं घसीसन उनूत."

डॉक्टरला तोंड दाखवायचं म्हणून झाडून सगळ्या बायका त्या दिवशी जरा जास्तच मिसरी घासून आल्या होत्या. दवाखान्यात जाताना आपण अंघोळ करतो, धुतलेलं लुगडं नेसतो, तसंच हे. त्यांच्या हिशेबी त्यांची तोंडं लखलखीत होती. मला आधी हसू फुटलं आणि मग भयंकर राग आला. राग बायकांवर नव्हता. गल्लीगल्लीत जाऊन मी सगळं समजावलं होतं, पण सकाळी मिसरी लावू नका हे मलाही सुचलं नव्हतं आणि यंत्र घेऊन आलेल्यांनाही. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट अशी निसटते तेव्हा चिडायचं तरी कुणावर?

डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यांनी नळावर जाऊन खळखळून चुळा भरा, मग परत बसा. बऱ्याच बायका कुरकुरत उठल्या. घासून आणलेलं तोंड पुन्हा धुवायला सांगणं त्यांना अपमानासारखं वाटलं. आणि शाळेचा नळ आहे पुरुषांच्या बाकांसमोर. तिथे आत्याबाईंचे जेठ बसले होते, ऐंशीच्या घरातले. त्यांच्यासमोर आत्याबाई तोंडात बोट घालून चुळा भरणार? त्या उठल्या, पदर पुढे ओढला आणि सरळ घरी निघून गेल्या. मी फाटकापर्यंत मागे धावले. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. परत आले तर चुळा भरलेल्या बायकांचेही फोटो काळपटच येत होते; मिसरी सकाळपासून लावलेलीच नको, असं डॉक्टर म्हणाल्या.

आत्याबाईंचा हा नुसता हट्ट असता तर मी सोडून दिला असता. पण गेल्या काही महिन्यांत मी काही गोष्टी पाहिल्या होत्या आणि त्या माझ्या मनातून जात नव्हत्या. ठेच्याशिवाय घास न उतरणाऱ्या आत्याबाई ठेच्याची वाटी नातीकडे सरकवायला लागल्या होत्या. भाकरी दुधात भिजवून खायच्या. मिसरी नेहमी डाव्या बाजूला धरायच्या, आता उजवीकडे धरत होत्या. विचारलं तर म्हणायच्या, दात हलतो. शिबिरात डॉक्टरांनी भिंतीवर चित्रं लावली होती, त्यातल्या एकाखाली लिहिलं होतं, तिखट झोंबतं का?

त्या आठवड्यात आमचं भांडण झालं ते गल्लीने ऐकलं. मी म्हटलं, एक दिवस मिसरी लावू नका, मी डॉक्टरांना घरी बोलावते. त्या म्हणाल्या, "दुखस नही तं दखाडानं कसाले?" दुखत नाही तर दाखवायचं कशाला! मी म्हटलं, मग ठेचा का सोडला? त्यावर त्यांनी माझ्या स्वयंपाकाचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी मी त्यांची मिसरीची डबी पर्समध्ये घालून शाळेत घेऊन गेले. संध्याकाळी परत आले तर त्या शेजारणीच्या डबीतली मिसरी लावून ओट्यावर बसलेल्या, आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसल्या. पर्समधली त्यांची डबी मी गटारात फेकली. मग नवरा मध्ये पडला, मग मुलगी रडायला लागली, आणि रात्रीची भाकरी कुणीच धड खाल्ली नाही.

अशा भांडणातून काही निष्पन्न होत नाही, हे शाळेत पोरांना सांगताना मला बरोबर आठवतं.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो. त्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस नाही असं आमच्यातलं घर सुरतेत सापडणार नाही. आमरस आत्याबाईंचा जीव की प्राण. मी त्यांच्यापुढे वाटी ठेवली. त्यांनी भिंतीकडे वळून पहिला घोट घेतला आणि त्यांचे खांदे आखडले. वाटी खाली ठेवली. मी पुढे जाऊन बघितलं तर डोळ्यांत पाणी.

"आंबा आंबट शे," त्या म्हणाल्या.

आंबा आंबट नव्हता. माझी मुलगी तिसऱ्यांदा वाटी मागत होती.

त्या दुपारी मी भांडले नाही. सगळे आडवे झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग त्यांनी आपणहून सासऱ्यांचा विषय काढला. माझे सासरे मी पाहिले नाहीत, माझ्या लग्नाआधीच ते गेले. लूमवर काम करायचे, गालात मावा असायचा. एवढंच मला माहीत होतं. ते तोंडाच्या कॅन्सरने गेले हे घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आत्याबाई म्हणाल्या, दवाखान्यात नेलं तेव्हा ते चालत गेले होते, रिक्षावाल्याशी भांडत गेले होते. डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि म्हणाले, फार पुढे गेलंय. मग ऑपरेशन, मग नळी. त्यानंतर त्या माणसाने तोंडाने एक शब्द काढला नाही की एक घास खाल्ला नाही.

"दखाडं नव्हतं तवलोंग मानूस चांगला व्हता," त्या म्हणाल्या.

दाखवलं नव्हतं तोवर माणूस चांगला होता. त्या यंत्राला घाबरत नव्हत्या, मरणालाही नव्हत्या. डॉक्टरने तोंडात डोकावलं की आजार सुरू होतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कॅन्सर आधीपासून आत वाढत होता, हे मी शंभर वेळा सांगितलं असतं तरी त्यांच्या लेखी गोष्ट त्या दवाखान्याच्या दारातच सुरू झाली होती. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी ह्या बाईला अडाणी म्हणत होते, मनात आणि एकदोनदा तोंडावरही.

मी म्हटलं, "आत्याबाई, माले एक सकाय द्या. एकच. त्यास्ले उशिरा नेलं व्हतं. तुम्हले मी लवकर नेसू." मिसरीशिवायची एकच सकाळ मागत होते मी; सासऱ्यांना उशिरा नेलं होतं, तुम्हाला लवकर नेईन.

त्यांनी कोपऱ्यातल्या माझ्या चहाच्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग तू बी चहा नको पेजो."

मी दिवसाला किती चहा पिते हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी कबूल झाले.

ती सकाळ आमच्या घरात कुणी विसरणार नाही. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून मी घरी होते. आत्याबाई ओट्यावर बसल्या, उठल्या, परत बसल्या. बोट सारखं ओठाकडे जायचं. त्यांचं डोकं दुखायला लागलं, माझंही. त्यांनी माझ्या माहेरचं एकेक माणूस काढून त्याचा पंचनामा केला. मी पितळेची सगळी भांडी घासायला काढली आणि आदळत घासली. नवरा त्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या कितीतरी आधीच कामावर गेला. शेजारीण मिसरी लावून समोर बसली तेव्हा आत्याबाईंनी तिला असं काही सुनावलं, की ती उठून घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

उन्हं चढल्यावर डॉक्टर आणि इंजिनिअर आले. इंजिनिअरना मी ओट्यावरच बसवलं, कारण परपुरुषासमोर आत्याबाईंनी तोंड उघडलं नसतं. त्यांच्या कपाळावर आठी होतीच, पण ते बसले. आत डॉक्टर खाली चटईवर बसल्या.

"बा, जरा मोढुं खोलो ने." आई, जरा तोंड उघडा ना.

"मी हिनी बा शे का?" आत्याबाई मला म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात धार नव्हती. मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "फोन तू धर."

डॉक्टरांनी फोन माझ्या हातात दिला. आत्याबाईंनी पदर मागे टाकला आणि तोंड उघडलं. मी पहिल्यांदा आत पाहिलं. झिजलेले काळे दात, सुकलेली जीभ, आणि एका म्हाताऱ्या बाईचा तंबाखूने भरलेला श्वास. इतकी वर्षं जिच्या तोंडाला मी तोंड देत होते, तिचं हे तोंड. मला एकदम त्यांची माया आली.

डॉक्टर गाल ओढत गेल्या, मी फोटो काढत गेले. उजवा गाल हिरवा. डावा गाल हिरवा. जीभ हिरवी. फोनने हिरवी खूण दाखवली. सगळं ठीक. मी श्वास सोडणार, तेवढ्यात लक्षात आलं की ज्या जागी बाया मिसरी धरतात ती जागा आपण बघितलीच नाही. यंत्राला शिकवलं होतं ते मावा खाणाऱ्या पुरुषांच्या गालांवर, म्हणून ते गालांचेच फोटो मागत होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, ओठाच्या खाली बघू या. त्यांनी लगेच मान डोलावली. हातमोज्याच्या बोटाने खालचा ओठ बाहेर ओढला, डाव्या बाजूला, आणि मी उजेड धरला.

हिरडीच्या कडेला एक काळा पट्टा होता. नखाएवढा. आजूबाजूला सगळं हिरवं, आणि मध्येच तो पट्टा.

डॉक्टरांनी उजेड बंद केला, बॅटरीने साध्या प्रकाशात पाहिलं, बोटाने हलकेच चाचपलं. फोन अजूनही हिरवीच खूण दाखवत होता. डॉक्टरांनी तो उलटा ठेवला आणि म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात जाऊन ह्याचा छोटा तुकडा तपासायला द्यायचा. उद्याच जायचं. आत्याबाईंना गुजराती सगळं समजतं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अहिराणीत पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे पदर पुढे घेतला.

बाहेर इंजिनिअरना डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. यंत्राने डाग पकडला नाही म्हणून नव्हे, यंत्राने तिथे बघायलाच सांगितलं नव्हतं म्हणून. ते ओट्यावरून उठले, आत्याबाई दाराआड होत्या त्या दिशेला हात जोडले आणि गेले. मला त्यांचा रागही येत होता आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटत होता. त्यांची ती काडेपेटीएवढी डबी नसती तर आमच्या घरात कुणी कुणाच्या तोंडात बघितलंच नसतं. पण ती डबी माझ्या सासूला ठीक आहे म्हणाली होती, हेही खरं.

तुकड्याचा निकाल यायला वेळ लागला. निकाल कॅन्सरचाच आला. सर्जन म्हणाले, "लवकर सापडलंय. अगदी सुरुवातीला." आत्याबाईंनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, लवकर म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनतीनदा स्वतःशीच म्हणून पाहिला. ऑपरेशनमध्ये हिरडीचा भाग, दोनतीन दात आणि जबड्याची थोडी कड गेली. काही दिवस नळी होती. ती नळी बघून त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, आणि तेव्हा त्यांच्या मनात कोण असायचं हे मला विचारावं लागलं नाही. नळी निघाली त्या दिवशी त्या पहिल्यांदा दूध प्यायल्या, अर्धं हनुवटीवरून ओघळलं. त्यांनी पुसलं आणि म्हणाल्या, साखर कमी पडली. मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन पोटभर रडले.

त्यानंतर मिसरी सुटली. सुटली म्हणण्यापेक्षा सोडवावी लागली, आणि तो महिना कसा गेला ते माझं मला माहीत. समोरची शेजारीण तपासून आली, आणखी काही बायकाही. त्यांच्या तोंडात काही निघालं नाही.

इंजिनिअर काही महिन्यांनी पुन्हा आले. यंत्र आता खालच्या ओठाचा आणि हिरडीचा फोटो मागितल्याशिवाय निकालच देत नव्हतं. ते शिकवायला त्यांना बायकांच्या तोंडांचे फोटो हवे होते. आत्याबाईंचे फोटो वापरू का, हे विचारायला ते आले होते. मला वाटलं, नाहीच म्हणणार. आत्याबाईंनी एवढंच विचारलं, त्यात चेहरा दिसतो का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग दाखवा. आणखी एक काम होतं. तपासणीआधी फोनने बायकांना त्यांच्याच बोलीत सूचना द्यायची, त्यासाठी माझा आवाज हवा होता. मी छान शुद्ध सुरात सुरुवात केली, तर आत्याबाई मागून ओरडल्या, "शायामा बोलस तशी नको बोलू. घरमा बोलस तशी बोल." मग मी शाळेतला सूर सोडून घरातल्यासारखी बोलले. सकाळी मिसरी लावू नका, चूळ भरून या, घाबरू नका. लिंबायतच्या एखाद्या गल्लीत कुणा अनोळखी बाईसमोर तो आवाज वाजत असेल ह्या विचाराने मला अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं.

ऑपरेशननंतर तपासण्या सुरूच राहतात. डॉक्टरांनी एक फोन आमच्याकडेच ठेवायला दिला. ठरलेल्या दिवशी आत्याबाई दाराजवळच्या उजेडात बसतात, पदर मागे टाकतात, तोंड उघडतात, आणि मी निळा दिवा लावून फोटो काढते. ते आता आम्हा दोघींचं काम झालंय. मी त्यांच्या दातांवरून चेष्टा करते, त्या माझ्या चहावरून.

परवा मी असाच दिवा धरला होता. ऑपरेशनची जागा हिरवी होती, जीभ हिरवी होती. मग उजव्या बाजूचा ओठ खाली ओढला. ठेचा सोडल्यानंतर त्या मिसरी उजवीकडे धरायला लागल्या होत्या. तिथे एक बारीकसा काळा ठिपका होता. मागच्या खेपेला नव्हता. मी उजेड इकडेतिकडे केला, काच पुसली, पुन्हा बघितलं. ठिपका तिथेच. माझे डोळे भरून आले आणि मी मान खाली घालून फोनशी काहीतरी खुडबुड करत राहिले. फोनने अजून खूणही दाखवली नव्हती.

आत्याबाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा वर केला आणि क्षणभर बघितलं. मग त्या भिंतीला धरून उठल्या, खुंटीवरची दवाखान्याची पिशवी घेतली, आणि दारात उभ्या राहून, त्या अर्ध्या उरलेल्या हिरडीतून शब्द जुळवत म्हणाल्या,

"आते लवकर शे ना? मंग रडस कसाले? चाल, चप्पल घाल."